पुढच्या सोफ्यावरचं हसू

आबा, तुमच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स माझ्याच दुकानात छापला जाणार, हे तुम्हालाही ठाऊक होतं आणि मलाही. इंदापुरात वाढदिवस असो, निवड असो नाहीतर मयत असो, माणूस एकदा तरी माझ्या मशीनवरून जातो. 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही अक्षरं माझ्या कॉम्प्युटरवर तयारच असतात. फोटो आणि नाव तेवढं बदलायचं. तुमच्या वेळी मात्र नावापुढे 'कै.' लावायचं होतं आणि हात काही केल्या तिकडे वळेना.

तुमच्या पोरानं, विकासनं, दोन फोटो आणले होते. एक निवडणुकीतला, हात जोडलेला, ज्यात तुम्ही तुमच्यासारखे अजिबात दिसत नाही. दुसरा त्याच्या मोबाइलमधला. त्यात तुम्ही लाल सोफ्यावर बसलाय, तोंड उघडं, डोळे मिटलेले, एक हात मांडीवर आपटायला वर उचललेला. आमच्या 'सत्काराला उत्तर' या नाटकाच्या पहिल्या खेळाचा तो फोटो. "चाचा, आबांचा हसताना ह्यो एकच फोटो हाय, ह्योच टाका," विकास म्हणाला. मागं उभे असलेले कार्यकर्ते आपसात कुजबुजले आणि त्यातला एक पुढं होऊन म्हणाला, "मयताच्या फ्लेक्सवर हसनं बरं दिसत न्हाय." विकासनं नुसती मान हलवली. मग चौकात हात जोडलेले तुम्ही लागलात, आणि तुमच्याखाली शोकाकुल म्हणून ओळीनं बारके बारके चेहरे. त्यातले निम्मे तरी तुम्हाला पाडायला झटलेले होते, हे तुम्ही असता तर बोटानं एकेक दाखवून सांगितलं असतं.

आज तुमचा दहावा झाला. तुमच्या गावाहून, वरकुट्याहून आलो तो सरळ दुकानात येऊन बसलोय. फ्लेक्सवर जे मावत नाही ते लिहितोय. तुमचं-माझं एक भांडण अर्धं राहिलं आहे. आमच्या नाटकात तुमच्यासारख्या पुढाऱ्यांची सालटी काढलेली, आणि तुम्ही त्याच्या प्रत्येक खेळाला पुढच्या सोफ्यावर हजर. का येता, हे मी तुम्हाला नाना तऱ्हेनं विचारलं. चिडून विचारलं, लाडीगोडीनं विचारलं. तुम्ही धड उत्तर दिलं नाही. ते उत्तर मला आज मिळालं, तुमच्या पाठीमागं.

सगळं पहिल्या खेळापासून आठवतंय. वरकुट्याची जत्रा होती. आम्ही पाच-सहा हौशी मंडळी. कुणी शाळेत शिकवणारा, कुणी दूध डेअरीत कामाला, आणि एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर तात्या. नाटक मी लिहिलेलं आणि नानासाहेब नावाचा पुढारीही मीच झालेलो. नानासाहेबांच्या खिशात चार रंगांचे गमछे. ज्या पक्षाच्या साहेबांची गाडी येताना दिसेल त्या रंगाचा बाहेर. एकाच मोरीचं ते प्रत्येक पक्षात जाऊन नव्यानं उद्घाटन करतात आणि स्वतःच ठरवलेल्या स्वतःच्या सत्काराला गहिवरून उत्तर देतात. तुम्ही पंचायत समितीचे माजी सभापती, पक्ष दोनदा बदललेले. तीनदा, असं माझं म्हणणं. मधला एक तुम्ही धरतच नव्हता, कारण तो पक्षच तुमच्याआधी तिकडं गेला होता म्हणे.

आपल्याकडे कार्यक्रम कुठलाही असो, पुढं सोफे लागतात. जत्रा कमिटीनंही लावले. समोर टीपॉय, त्यावर पाण्याच्या बाटल्या आणि काजूची बशी. नाटकाआधी तुमचा सत्कार झाला. फेटा, शाल, नारळ, आणि तुमचं सत्काराला उत्तर. मी विंगेत तसाच फेटा, तशीच शाल घेऊन उभा होतो, आणि आमचं नाटकही नेमकं तिथूनच सुरू होत होतं. पडदा सरकला. मी माइकवर टिचकी मारली, घसा साफ केला आणि म्हणालो, "मी हा सत्कार माझा न्हाय, तर तुमचा समजतो. शाल तेवढी माझ्याजवळ राहू द्या." हे वाक्य तालमीत सगळ्यांना लोळवायचं. वरकुट्यात मात्र कुणी हुं की चूं केलं नाही. सारा गाव तुमच्या मानेकडे बघत होता. मी स्टेजवरून बघत होतो. ती शेकडो तोंडं माझ्याकडे नव्हतीच.

मग तुम्ही हसलात. पोटातून, खोकला येईपर्यंत. आणि मागून सगळा गाव फुटला. त्या दिवसापासून आमच्या नाटकाचं टायमिंगच बदललं आबा. आम्ही वाक्य टाकायचो, तुमच्या हसण्याला जागा ठेवायचो, मग लोकांच्या हसण्याला जागा ठेवायचो आणि मग पुढं जायचो. तात्या म्हणायचे, "डबल बेल झाल्याबिगर गाडी हालत न्हाय आपली."

त्या दिवशी फक्त एक प्रवेश पडला. तो विनोदी नव्हताच. नानासाहेबांचा सत्कार चाललेला असतो आणि त्यांचे वडील शेरडांमागून तसेच येतात, खांद्यावर घोंगडं, पायात धुळीच्या वहाणा, आणि कौतुकानं पुढच्या सोफ्यावर बसतात. कार्यकर्ते त्यांना दंडाला धरून उठवतात; पाहुणे यायचेत, मागं बसा. म्हातारा नानासाहेबांकडे बघतो. नानासाहेब बघतात, आणि भाषण तसंच पुढं चालू ठेवतात. मी एका लग्नात एका अनोळखी म्हाताऱ्याला असं खुर्चीवरून उठवताना पाहिलं होतं, तेवढ्यावरून लिहिलेलं. तात्या म्हाताऱ्याचं काम असं करायचे की तालमीत आम्हालाच कढ यायचा. वरकुट्यात त्या प्रवेशाला कुणी हसलं नाही, रडलं नाही, साधं चुकचुकलंही नाही. पहिल्यांदाच लोक तुमच्या मानेकडेही बघत नव्हते. माना खाली घालून जमिनीकडे बघत होते. तुम्ही वाकून टीपॉयवरची बाटली उचललीत आणि प्रवेश संपेपर्यंत पाणी पीत राहिलात.

मला वाटलं, प्रवेश फसला. खेळ संपल्यावर तुम्ही आमच्या पाठीवर थाप मारायला विंगेत आलात तेव्हा मी म्हणालो, "आबा, त्यो म्हाताऱ्याचा प्रवेश काढून टाकतो. लोकांना पटला न्हाय."

"काढू नको," तुम्ही म्हणालात. "दुसऱ्या गावात करून बघ."

मी म्हटलं चला, एवढं सांगताहेत तर बघू. आणि दुसरा खेळ मोरगावजवळच्या गावात ठरला तेव्हा न बोलावता तुमची जीप माझ्या दारात उभी.

त्या भागातली माणसं कोरडवाहूची, ज्वारी-बाजरीवर वाढलेली, बोलायला मोकळी. ती पाहुण्या पुढाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसली नाहीत असं नाही. पण म्हाताऱ्याच्या प्रवेशाला जे झालं ते तुम्हाला आठवत असेल. कार्यकर्त्यांनी तात्यांच्या दंडाला धरलं मात्र, मधल्या गर्दीतून एक पैलवानासारखा माणूस उभा राहिला. "अय, म्हाताऱ्याला बसू दे की!" बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, "बापाला इसरला, मुडदा बशिवला त्याचा." मग एकदम गलका. कुणी मला भाड्या म्हणालं, कुणी त्याहून पुढचं. एकानं तर चप्पल काढून दाखवली. मी नानासाहेबांचं भाषण ओरडून ओरडून पुरं केलं आणि मनातून आभाळाला हात लागले होते. नाटक लिहिणाऱ्याला अजून काय पाहिजे असतं? तुमच्याकडे नजर गेली तर तुम्ही परत बाटली तोंडाला लावलेली.

त्याच गावात ती मावशी आली होती. मी फेटा सोडत होतो, मिशी अजून तशीच होती. माझ्यापुढं हात जोडून म्हणाली, "सायेब, आमच्या वस्तीवरच्या नळाचं तेवढं बघा." दीड-दोन तास मी स्टेजवर गावाला गंडवलेलं तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. तुम्ही शेजारीच होता. तुम्ही म्हणालात, "मावशी, ह्ये नाटकातलं हायेत. खरा मी हाय. मला सांगा." तिनं तुम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "न्हाय, मी ह्यांनाच सांगते. ह्यांनी केलेलं समद्यांपुढं कबूल तरी केलंय." बारामती येईपर्यंत जीपमध्ये तुम्ही हसत होता. थांबायचा, "कबूल केलंय" म्हणायचा आणि पुन्हा हसायचा. मावशीचं नाव, वस्ती तुम्ही तिथून निघतानाच विचारून घेतली होती आणि पुढं त्या नळाला पाणी आलं असं कानावर आलं. हेही लिहिलं पाहिजे. चांगलं तेवढं फ्लेक्सवाल्यांवर सोडून चालणार नाही.

जीपमधली एक रीत मात्र तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवी होती. ड्रायव्हरशेजारची पुढची सीट तुमची. तालुक्यात सगळ्यांना माहीत. पण नाटकाहून परतताना तुम्ही तात्यांना तिथं बसवायचा, आणि स्वतः मागं आमच्या ट्रंका आणि पडद्यांच्या गाठोड्यांत अंग चोरून बसायचा. तात्या लाजून नको नको म्हणायचे. तुम्ही म्हणायचा, "बसा वो. गुडघं दुखत्यात ना तुमचं?" मला वाटायचं, पुढाऱ्याचं गोड वागणं. याचीही सवय असते या लोकांना.

पुढचे खेळ भराभर ठरले. आणि नाटक आमच्या हातून निसटायला लागलं, असं मला वाटायला लागलं. बारामती तालुक्यात खेळ झाला की लोक म्हणायचे, बरोबर पकडलाय, इंदापूरकडचं बेनं हाय हे. इंदापूर तालुक्यात म्हणायचे, ह्यो तर बारामतीकडचा. वालचंदनगरच्या कॉलनीत क्वार्टर्समधली मंडळी सहकुटुंब आली, वेळेवर बसली, वेळेवर टाळ्या वाजवल्या आणि जाताना म्हणाली, खेड्यातलं राजकारण किती हुबेहूब दाखवलंत. नानासाहेब आपल्या दारातला आहे असं एकाही प्रेक्षकाला वाटेना. सगळ्या पंचक्रोशीत एकच माणूस ते नाटक आपल्यावर आहे असं समजून बघत होता, आणि तो म्हणजे तुम्ही. तेवढं मला तेव्हाही कळत होतं, पण त्याचं मोल कळत नव्हतं.

त्यातच लोक म्हणायला लागले, आबांचं नाटक. म्हणजे तुम्ही माझ्याकडून बसवून घेतलंय, निवडणूक जवळ आली की हवा करायला. दुकानात आलेलं गिऱ्हाईक डोळा मारून विचारायचं, "काय दिलावरभाई, आबांनी काय कबूल केलंय?" हे मला फार लागायचं. मी आयुष्यभर सगळ्या पक्षांचे फ्लेक्स छापले, पण कुणाचा माणूस म्हणवून घेतलं नव्हतं. घरात चिडचिड करायचो. बायको म्हणायची, मग सांगा की त्यांना येऊ नका म्हणून. सांगितलं एकदा. जीपमध्येच, सगळ्यांदेखत.

"आबा, तुमी कशाला येता वो?"

"बरं वाटतं."

"काय बरं वाटतं? तुमची टिंगल चाललेली असती तितं."

"व्हय," तुम्ही म्हणालात आणि खिडकीबाहेर बघायला लागलात.

मी पिच्छा सोडला नाही. निदान पुढं बसू नका म्हणालो. लोक तुमच्याकडे बघून हसतात, मला त्यांचं स्वतःचं हसू पाहिजे. तुम्ही लगेच कबूल झालात, आणि भिगवणजवळच्या खेळाला खरंच पार मागं, बायाबापड्यांत सतरंजीवर मांडी घालून बसलात. पुढं सोफे मोकळे. काय झालं ते आपण दोघं मरेपर्यंत विसरणार नाही असं मी तेव्हा म्हणालो होतो. पडदा सरकला आणि मला सगळ्या गावाच्या मागच्या बाजू दिसल्या. टोप्या, अंबाडे, वेण्या. माणसं माना मोडून मागं वळून बसली होती, आबा हसतात का बघायला. दोन अंक आम्ही लोकांच्या पाठींना नाटक करून दाखवलं. तात्यांचा प्रवेश आला तेव्हा मात्र ती तोंडं फिरली, आणि मागून कुणीतरी शिवी हासडली. ती तुमच्या अगदी कानाजवळ हासडली गेली असणार.

मग मी म्हणालो, आबा, आता येऊच नका. एक खेळ तुमच्याबिगर करू द्या.

तुम्ही गमछ्यानं तोंड पुसलंत. मग म्हणालात, "बरं."

तो खेळ मी कधी विसरणार नाही. निमगावकडच्या रस्त्यावरचं गाव, मैदान गच्च भरलेलं, सोफ्यावर दुसरेच कुणीतरी. पहिलं वाक्य गेलं. जागा ठेवली. दुसरं गेलं. जागा ठेवली. चिटपाखरू हललं नाही. लोक एकमेकांकडे बघत होते. म्हाताऱ्याच्या प्रवेशालाही चिडीचूप. खेळ संपल्यावर कमिटीचा अध्यक्ष मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "आबा का न्हाय आले? नाराज हायेत का?" मी म्हटलं, नाहीत. तो म्हणाला, "मंग आले का न्हाईत?" मी पडद्यांची गाठोडी बांधायला घेतली. त्यानंतर ठरलेले खेळ एकेक करून फोनवर मोडले. कुणी म्हणालं गावात सुतक आहे, कुणी म्हणालं पाऊसपाण्याचं बघून कळवतो. आबा नाराज आहेत ही बातमी तुमच्यापेक्षा जोरात पळत होती.

तुम्ही दुकानात आलात तो दिवस. मशीन चालू होतं, कुणाचा तरी वाढदिवस निघत होता. तुम्ही स्टूल ओढून बसलात.

"दिलावर, मी येतो की परत. पुढं बसत न्हाय, मागं बसत न्हाय. विंगेत बसतो. कुनाला दिसनार न्हाय. पन बंद नको करू."

"म्हंजी तुमची परवानगी हाय म्हनून चालनार," मी म्हणालो. "तसली टिंगल काय कामाची? त्यापेक्षा बंद पडलेली बरी."

"परवानगी न्हाय रं. तसं न्हाय ते."

"मंग कसं हाय?"

तुम्ही मशीनमधून सरकत येणाऱ्या फ्लेक्सकडे बघत राहिलात. त्यावरच्या पोराला ओळखत असतानाही "कोनाचा रं ह्यो?" असं विचारलंत. मी सांगितलं. मग उठलात आणि दारातून म्हणालात, "लय ताठ हायेस तू." माझा ताठा मलाही माहीत होता, पण तुम्ही तो शिवीसारखा म्हणाला नव्हता, एवढंच मला तेव्हा जाणवलं. नाटक बंद झालं. आपण लग्नाकार्यात भेटत राहिलो, बोलत राहिलो, तुमच्या विकासच्या पोरीच्या बारशाचा फ्लेक्स मी छापला. नाटकाचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही.

बारामतीच्या दवाखान्यात तुम्हाला शेवटचं पाहिलं. नळ्या होत्या, बोलणं कमी झालं होतं. मला वाटलं, काहीतरी सांगाल, निदान तालुक्याचं राजकारण तरी. तुम्ही विचारलंत, "तात्या कसं हायेत? गुडघं?" मी म्हणालो बरे आहेत. तुम्ही डोळे मिटलेत. मी थोडा वेळ बसलो आणि उठून आलो. तुम्हाला त्या दिवशी नाटकाबद्दल विचारायचं होतं आबा. पण आजारी माणसाशी काय भांडायचं म्हणून गप्प बसलो.

आज दहाव्याला नदीकाठी मोठी गर्दी होती. आपल्या रिवाजाप्रमाणे भाषणं झाली. सगळ्या रंगांचे गमछे आले होते. तालुक्याची न भरून येणारी हानी प्रत्येकानं एकदा करून घेतली. तुमच्या जाण्यानं पोरका झालेल्या एकाला तर मी आठवड्याभरापूर्वी हॉटेलात तुमची नक्कल करताना पाहिलं होतं. माझ्या शेजारचा पाव्हणा मला कोपरानं ढोसून म्हणाला, "हे तुमच्या नाटकातलंच की वो." त्याच्या ओठांवर हसू आलं होतं. हसावं का नाही, हे ठरवायला त्यानं सवयीनं पुढं बघितलं. तुम्ही नव्हता. मग त्यानं तोंड बंद केलं आणि रुमालानं पुसलं. आणि माझ्याच पोटातून हुंदका आला, इतक्या माणसांत.

जेवणं उरकल्यावर काकींना भेटायला घरात गेलो. भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी खाली मान घालून म्हणालो, "काकी, माझ्यामुळं आबांचं मन दुखलं असंल तर माफ करा. नाटकात लई बोललो मी त्यांना."

काकी म्हणाल्या, "तुला कुनी सांगितलं व्हतं का रं, आमच्या मामंजींचं?"

"कोन मामंजी?"

"ह्यांचं वडील. त्यो घोंगडंवाला म्हातारा तू घातलास नाटकात."

मी म्हणालो, काकी, मी लग्नात बघितलेलं लिहिलं. मला काहीच माहीत नाही. त्यांनी मला समोर बसवून घेतलं. मग सांगितलं. तुम्ही सभापती झालात तेव्हा वरकुट्यात तुमचा पहिला सत्कार होता. तुमचे वडील तेव्हा मेंढरं राखत होते. मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून तसेच आले आणि पुढं बसले. कार्यकर्त्यांनी त्यांना उठवलं. ते कोण आहेत, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही; पाहुणे मोठे होते. तुम्ही स्टेजवरून बघितलंत आणि बोलत राहिलात. सारा गाव तिथं होता. म्हातारा बाहेर देवळाच्या पायरीवर बसून लाउडस्पीकरवर पोराचं भाषण ऐकत राहिला, घरी येऊन भाकरी खाल्ली आणि त्या गोष्टीबद्दल मरेपर्यंत एक अक्षर बोलला नाही.

"गाव बी बोललं न्हाय," काकी म्हणाल्या. "ज्याला त्याला ह्यांच्याकडून काम व्हतं. कुनी कधी तोंडावर म्हनलं न्हाय की आबा, चुकलास. ह्ये लई वाट बघायचे रं, कुनीतरी म्हनंल म्हनून. मामंजी गेले, तरी न्हाय म्हनलं कुनी. मंग तुझं नाटक आलं. निघताना मला म्हनायचे, जातो, शिव्या खाऊन येतो. आन् आले की दोन भाकऱ्या जास्ती जायच्या."

मी विचारलं, मग मला का सांगितलं नाही.

"तुला सांगितलं असतं तर तू त्यो प्रवेश काढला असतास. न्हायतर नरम केला असतास." आणि पुढं म्हणाल्या, "बंद झालं तवा दोन-तीन दिस नुसते बसून व्हते. तुझ्यावर राग न्हवता."

आबा, वरकुट्यात लोक जमिनीकडे का बघत होते, ते मला आता कळलं. आणि मोरगावच्या बाजूला तुम्ही कशासाठी आला होता तेही. आपल्या गावानं जे कधी म्हटलं नाही, ते परक्या गावाच्या तोंडून ऐकायला. बाकीचं सगळं नाटक तुम्ही मनापासून हसत बघितलंत. ते हसू खोटं नव्हतं. मी त्याच्यावर उगीच संशय घेतला. पण तुम्ही यायचा ते त्या एका प्रवेशासाठी, आणि तेवढ्यापुरतं तोंड लपवायला तुमच्याकडे एक पाण्याची बाटली होती. परतताना जीपमध्ये तात्या असायचे, स्टेजवरचा तो उठवलेला म्हातारा. त्यांना पुढच्या सीटवर बसवायचं होतं.

माझ्या ताठ्यानं मी माझंच नाटक बंद केलं असं मी समजत होतो. बंद झालं ते तुमचं होतं. निवडून आलेल्या माणसाला त्याच्या तोंडावर खरं बोलणारा प्रेक्षक मी कुठून आणणार, ही माझी रड होती. आणि तुम्ही तो प्रेक्षक जीपमधून गावोगाव हुडकत फिरत होता. एक वाक्य तुम्ही बोलला असता तर पुरलं असतं. एकदा मी गप्प बसून "मंग कसं हाय?" याचं उत्तर येईपर्यंत थांबलो असतो तरी पुरलं असतं. दोघंही घाईतली माणसं. आता मी कुणाशी भांडू?

राग येतो तुमचा. आणि उपकारही वाटतात, कारण माझं नाटक कुणाला खरंच लागलं का, या प्रश्नावर मी आयुष्य काढलं असतं, आणि ते पहिल्याच दिवशी, पहिल्याच रांगेत लागलं होतं.

काकी काही म्हणोत, तुम्ही सांगितलं असतंत तरी मी प्रवेश काढला नसता. नरमही केला नसता. आपण दर महिन्याला नवं गाव धरलं असतं, बारामती झालं की दौंड, दौंड झालं की करमाळा, आणि लोकांना म्हणालो असतो, शिव्या द्या, हात आखडू नका. आणि मग एक खेळ वरकुट्यात लावला असता. त्याच लोकांपुढं, ज्यांनी तेव्हाही खाली बघितलं आणि नाटकातही खाली बघितलं. तात्यांच्या दंडाला कार्यकर्त्यांनी धरलं असतं तेव्हा मी नानासाहेबांचं भाषण मधेच थांबवून माइकवर तुमचं नाव घेतलं असतं. तुम्ही सोफ्यावरून उठला असता, गुडघ्यावर हात ठेवत स्टेजच्या पायऱ्या चढला असता, आणि सगळ्या गावादेखत त्या म्हाताऱ्याला पुन्हा पुढं बसवलं असतं. नाटक बिघडलं असतं आबा. मी बिघडू दिलं असतं.